चौदावा रकाना

प्राध्यापक पंडित भंगाळे यांनी आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं, आणि तेही सात प्रतींत.

एरवी हा माणूस इतका सरळ की एस.टी.त कंडक्टर तिकीट फाडायला विसरला, तर यावलच्या स्टँडवर उतरून त्याला कँटीनमधून शोधून काढून तिकीट घेणार. गावात या गोष्टीचं कौतुक व्हायच्या ऐवजी लोक त्यांच्याशी जरा जपूनच बोलत. पण १९६७ सालच्या ऑक्टोबरात ते पुण्याला विद्यापीठाच्या खिडकीपाशी उभे होते, रात्रभराच्या पॅसेंजरनं अंग आंबलेलं होतं, अर्ज द्यायची शेवटची तारीख होती, आणि खिडकीतल्या कारकुनानं सातही प्रती परत सरकवल्या.

"चौदावा रकाना रिकामा आहे. रिकामा चालत नाही."

अर्ज होता बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या वनस्पतिशास्त्राच्या वर्गाला मान्यता मिळावी म्हणून. तो जळगावला टायपिस्टकडे तीन दिवस बसून टाइप करून घेतलेला. त्यात पुस्तकं किती, सूक्ष्मदर्शकं किती, प्रयोगशाळेत नळ किती, एवढंच काय, काचेच्या पट्ट्या किती फुटल्या, हेसुद्धा भंगाळे सरांनी खरंखरं लिहिलं होतं. चौदाव्या रकान्यात होतं, 'वनस्पती उद्यान आहे काय? असल्यास जाती किती? (किमान साठ)'. यावलच्या कॉलेजाभोवती जी जागा होती तिला उद्यान म्हणणं म्हणजे गुरांच्या बाजाराला प्राणिसंग्रहालय म्हणण्यासारखं होतं. जुन्या जिनिंगच्या इमारतीत कॉलेज, आणि इमारतीमागं दीड एकर काळी जमीन. तिच्यात एक कडुनिंब, एक बाभूळ आणि एक बोर, आणि बोरही कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला झुकलेली.

"नाही लिहू का?" सरांनी विचारलं.

"लिहा की. फाइल इथंच राहील," कारकून म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

सरांच्या डोळ्यांपुढं शेवंता आली. साकळीच्या मगन नेहेत्यांची ही मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. वर्गात चौदा मुलं, त्यांत सात मुली, आणि त्या सातांत ही एक अशी की पानाची कड बघून झाडाचं कूळ सांगायची. मगनभाऊंनी सरांना गणपतीतच स्वच्छ सांगून टाकलं होतं, "सर, पोरीले तापीच्या पल्याड होस्टेलात नाही ठेवत मी. इथं वर्ग निघाला तं शिकीन. नाही निघाला तं मे महिन्यात लगन. पाहुने तयार बसले आहेत." बाकीच्या सहा मुलींचे बाप मगनभाऊंकडे बघूनच आपलं ठरवणार होते. म्हणजे तिसऱ्या वर्षाचा वर्ग निघाला नाही, तर या सात मुलींचं शिक्षण मे महिन्यात मांडवात संपणार, हे उघड होतं.

सरांनी पेन काढलं आणि सातही प्रतींवर 'आहे' लिहिलं. पुढं जाती किती, तिथं हात थोडा थांबला, पण कंसातला आकडा समोरच होता. त्यांनी 'साठ' लिहिलं. कारकुनानं शिक्का मारला. परतीच्या गाडीत मनमाडपर्यंत भंगाळे सरांना वाटत होतं की डब्यातले सगळे आपल्याकडंच बघताहेत.

जानेवारीच्या दोन तारखेला विद्यापीठाचं पत्र आलं. वीस फेब्रुवारीला तपासणी समिती येणार होती. पत्रात खाली एक ओळ होती, 'वनस्पती उद्यानाची विशेष पाहणी केली जाईल'. प्राचार्यांनी पत्र वाचलं, भंगाळे सरांच्या हातात दिलं आणि त्याच संध्याकाळी त्यांची स्वतःची कंबर धरली. ती थेट मार्चात सुटली.

शेजारच्या चिंधाआबांना ही बातमी सरांच्या आधी कळली. आबा रेव्हेन्यूतून सर्कल म्हणून निवृत्त झालेले. साहेबांच्या तपासण्या त्यांनी चाळीस वर्षं अंगावर घेतल्या होत्या, आणि आता कुणाच्याही घरी तपासणी निघाली की ते सुपारी कातरत येऊन बसत.

"पंडित, तू घाबरतो कायले?" आबा म्हणाले. "तपासणीचं शास्त्र आहे. साहेबाले पहिलं बसवायचं, मंग जेवू घालायचं, मंग दाखवायचं. जेवल्या मानसाले अर्धंच दिसते. भरीत कर. वांगे मी आनतो, भाजाले तुराट्या बी आनतो."

"आबा, झाडं साठ लागतात."

"मंग वांगे जास्ती आनू," आबा म्हणाले.

वच्छलाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, आतून विचारलं की खोटं लिहायचंच होतं तर साठाऐवजी वीस का नाही लिहिलं.  सर सायकल काढून फिरायला गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी धुळे गाठलं. तिथल्या एका रोपवाटिकेत त्यांचा जुना वर्गमित्र होता. त्यानं चाळीस वेगवेगळी रोपं दिली, प्रत्येकाच्या मुळाशी ओलं गोणपाट आणि देठाला लॅटिन नावाची चिठ्ठी. सरांनी ती मांडीवर घेऊन यायची ठरवली होती, पण चाळीस रोपं मांडीवर घेणारा माणूस कंडक्टरनं आत घेतला नाही. रोपं टपावर गेली. अमळनेरला एक धोतरवाले गृहस्थ बोकड घेऊन चढले. बोकडही टपावर गेला. खाली भंगाळे सर खिडकीशी बसून उद्यानाचा नकाशा काढत होते, एकदलिकित इकडं, द्विदलिकित तिकडं, आणि त्यांच्या डोक्याच्या वर दोन फुटांवर तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम चावला जात होता.

चोपड्याला बोकड उतरवला, तेव्हा त्याच्या तोंडातून एक चिठ्ठी लोंबत होती. सर टपावर चढले. अकरा रोपं उरली होती, तीही कडू म्हणून. त्यांनी उतरून गृहस्थांना गाठलं. पण ते सरांच्या आधीच चिडलेले होते.

"मास्तर, तुमना झाडस्मा काही इख तं नही ना?" त्यांनी विचारलं. "बठ्ठा पाला खाई गया हाऊ. उद्या याले बाजारमा लई जानं शे. मरी गया तं?"

"अहो, माझी झाडं गेली त्याचं काय?"

"झाडं तं परत येतीन. बोकड येई का?"

मग भंगाळे सरांना तिथं स्टँडवर उभं राहून एकोणतीस वनस्पतींपैकी एकही विषारी नाही, असं त्या गृहस्थांना तोंडी प्रमाणपत्र द्यावं लागलं. तेवढ्यात एस.टी. सुटली आणि सर तिच्यामागं धावले. अडावदपर्यंतचा प्रवास उभ्यानं करावा लागला, कारण त्यांची जागा कुणीतरी घेतली होती.

आता लोकांकडंच जायला हवं होतं. संस्थेचे अध्यक्ष पुखराजशेठ म्हणजे केळीचे मोठे व्यापारी. पेढी जळगावला, पण कॉलेजवर जीव. सरांनी त्यांना सगळं सांगितलं, फक्त चौदाव्या रकान्याचा तपशील गाळला. शेठ गादीवर सरसावून बसले.

"इतकंच ना सर? आपल्या मंडळींना सांगतो. एकेका घरातून एकेक झाड. पण प्रत्येक झाडाला पाटी पाहिजे. पाटी नसेल तर कोण देतो?"

सरांना आनंद झाला, कारण नियमातही प्रत्येक वनस्पतीस नामफलक हवाच होता. एवढंच त्यांच्या लक्षात आलं नाही की शेठच्या कॉलेजात पंख्याच्या पात्यावर, घड्याळाच्या काचेवर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणावर जी नावं होती, ती पंख्याची, घड्याळाची किंवा टाकीची नव्हती.

पंधरा दिवसांत झाडं आली. व्यापारी मंडळींकडून चोवीस. त्यांत नऊ तुळशी आणि पाच बेल. सगळं धरून जाती आठ. तिकडं मगनभाऊंनी साकळीच्या पारावर सांगितलं, "कॉलेजाले एकेक झाड द्या, पन देयाचं तं चांगलं द्या." चांगलं झाड म्हटल्यावर त्या मुलखातल्या शेतकऱ्याच्या मनात दुसरं काय येणार? बेचाळीस जणांनी आपापल्या बागेतलं सगळ्यात जोमदार केळीचं पील, म्हणजे मोठ्या झाडाच्या बुडाशी फुटलेलं पोर, खोदून आणलं. सोबत मगनभाऊंनी तीन गाड्या शेणखत आणलं आणि कॉलेजाशेजारच्या आपल्या मळ्यातल्या विहिरीवरून पाट काढून दिला. सरांनी त्या बेचाळीस केळींकडं पाहिलं आणि त्यांना हुंदका आला. मगनभाऊंना वाटलं, मास्तर भारावले.

"मगनभाऊ, ही सगळी एकच जात झाली," सर हळूच म्हणाले.

"मंग? बसराईच आहे सगयी. हलकी केयी कोनी आनली असती तं मीच फेकून देली असती."

पाट्या जळगावहून रंगवून आल्या. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं. पहिलीच पाटी शेठच्या आईची. 'कै. सुगनबाई यांच्या स्मरणार्थ, पुखराज आणि कंपनी, केळीचे व्यापारी, जळगाव.' ती बेलाला लागली. मग 'कै. हीराबाई', 'कै. दीपचंद', 'कै. सूरजबाई', अशा ओळीनं चोवीस. शेतकऱ्यांनाही पाट्या हव्यात म्हणून मगनभाऊ अडून बसले होते, तेव्हा बेचाळीस केळींवर बेचाळीस जित्याजागत्या माणसांची नावं. सरांनी पेंटरला झाडांची लॅटिन नावं लिहून दिली होती. पेंटरनं तो कागद जसाच्या तसा परत पाठवला. नाव, वडिलांचं नाव, पेढी आणि गाव एवढं लिहिल्यावर झाडाला जागा उरत नाही, असा त्याचा निरोप होता.

एवढं होऊन बागेनं मात्र जोर धरला. शेणखत मुरलं, पाटाचं पाणी फिरलं आणि केळींना नवी पानं फुटली. त्यांच्यासोबत खतातून, पाटातून आणि काळ्या मातीच्या पोटातून जे जे उगवायचं ते सगळं उगवलं. फेब्रुवारीच्या मध्याला तण गुडघ्यापर्यंत आलं, आणि तुळशी तर त्यात दिसेनाशा झाल्या. निंदायला बाया मिळेनात, कारण सगळ्या गव्हा-हरभऱ्याच्या कापणीवर गेलेल्या. सरांनी स्वतः खुरपं घेऊन एक दिवस प्रयत्न केला. त्यात एक पाटी, दोन तुळशी आणि त्यांची स्वतःची करंगळी कापली गेली. शेवटी भिकुबाई निंदणारी वीस तारखेलाच येते म्हणाली. समिती दुपारी येणार होती. अकरापर्यंत सगळं रान साफ करून देण्याचं तिनं कबूल केलं.

वीस तारखेला समितीची गाडी जळगावच्या विश्रामगृहातून सकाळी नऊलाच येऊन उभी राहिली.

मागच्या गाडीतून पुखराजशेठ आणि त्यांची व्यापारी मंडळी उतरली, आणि समितीच्या गाडीतून दोन माणसं. एक डॉक्टर खांबेटे, वनस्पतिशास्त्राचे पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, सत्तरीकडं झुकलेले, हातात काठी आणि गळ्यात भिंग. दुसरे विद्यापीठाच्या कचेरीतले अधिकारी. त्यांनी काखेतली फाइल कधीच सोडली नाही, म्हणून चिंधाआबांनी त्यांना पहिल्या मिनिटालाच फाइलसाहेब करून टाकलं. आबा सदरा घालून स्वागताला पुढं झाले. "बसा साहेब. भरीत तयार होऊ ऱ्हायलं. कळण्याची भाकरी आहे."

"मला वांगं चालत नाही," खांबेटे म्हणाले. "आधी उद्यान."

आबांचं चाळीस वर्षांचं शास्त्र इथं पहिल्यांदा पडलं. ते बिचारे खुर्चीवर बसले आणि तुराट्यांवरच्या वांग्यांकडं बघत राहिले.

खांबेटे उद्यानाच्या फाटकातून आत शिरले, दोन पावलं गेले आणि थांबले. समोर कै. सुगनबाई. पलीकडं कै. हीराबाई. त्यापुढं दूरपर्यंत पिवळ्या पाट्यांच्या ओळी. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग जरा विचार करून चपलाही काढल्या.

"इथून उद्यानाकडं रस्ता आहे का?" त्यांनी अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"सर, हेच उद्यान," भंगाळे म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की पुखराजशेठनासुद्धा वाईट वाटलं. खांबेट्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या. फाइलसाहेबांनी काहीतरी लिहिलं.

मग मोजणी सुरू झाली. फाइलसाहेब एकेका झाडापाशी थांबत आणि टिक करत. धुळ्याहून वाचलेली अकरा. व्यापाऱ्यांच्या आठ जाती. बेचाळीस केळींपुढून ते बेचाळीस वेळा गेले आणि एकच टिक केली. आधीचे निंब, बाभूळ, आणि बोर. कुंपणाबाहेर झुकलेली बोर धरायची की नाही यावर दोन मिनिटं खल झाला आणि मूळ आत आहे म्हणून ती धरली गेली. बेरीज झाली तेवीस.

खांबेट्यांनी फाइल मागून घेतली, चौदावा रकाना काढला आणि भिंग न लावताच वाचला. "भंगाळे, इथं साठ लिहिलं आहे."

फाटकापाशी सातही मुली उभ्या होत्या. शेवंतानं हातातली, फुलं चिरून बघायची चिमटा-चाकूची पेटी खाली ठेवली होती आणि ती सरांकडं बघत होती. मागं मगनभाऊ, त्यांच्यामागं साकळीची पंधरा-वीस माणसं. भंगाळे सरांना वाटलं असतं तर ते म्हणू शकले असते की थंडीनं मेली, बोकडानं खाल्ली. दुसरी गोष्ट तर निम्मी खरीही होती. पण चार महिने मनात सलणारं ते खोटं आता आपोआप बाहेर आलं.

"खोटं लिहिलंय, सर. तेव्हा इथं तीन झाडं होती. प्राचार्यांना ठाऊक नव्हतं, शेठना ठाऊक नव्हतं. मी लिहिलं. तुम्हाला शिक्षा करायची तर मला करा, पण या मुलींना दुसरीकडं कुणी पाठवणार नाही, एवढं टिपून घ्या."

 पुखराजशेठनी रुमालानं मान पुसली. फाइलसाहेबांनी पेनाचं टोपण लावलं. तेवढ्यात केळीच्या ओळीतून भिकुबाईचा आवाज आला. ती सकाळपासून निंदत होती, अर्धं रान साफ झालं होतं, अर्धं राहिलं होतं, आणि समितीबिमितीशी तिचं काही घेणंदेणं नव्हतं.

"मास्तर, हे उरलेलं काढू का ऱ्हाऊ देऊ? का मी जाऊ कापनीले?"

खांबेटे तिच्याकडं वळले. तिच्या हातात उपटलेल्या तणाचा जुडगा होता. ते काठी टेकत ओळीत शिरले आणि त्यांनी त्यातली एक काडी ओढली. "बाई, हे काय?"

"केना. दुसरं काय?" भिकुबाई म्हणाली. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला केना ठाऊक नाही याचं तिला नवल वाटलं.

"कॉमेलिना बेंगालेन्सिस," फाटकापासून आवाज आला. शेवंता पुढं आली होती.

खांबेट्यांनी मान वर केली नाही. त्यांनी दुसरी काडी काढली. "आणि हे?"

"आघाडा."

"अकिरँथस ॲस्पेरा."

"हे?"

"घोय. भाजी करतात इची. तुमच्या पुन्याले नाही भेटत का?"

"पोर्तुलाका ओलेरेसिया, सर."

खांबेट्यांनी फाइलसाहेबांना जवळ बोलावलं आणि लिहायला सांगितलं. फाइलसाहेब म्हणाले की हे तण आहे. खांबेटे म्हणाले की नियमात 'वनस्पती' असा शब्द आहे, आणि तण ही वनस्पती नाही असं म्हणणारा माणूस त्यांना अजून भेटायचा आहे. मग ते खाली उकिडवे बसले. त्या वयात बसायला जड गेलं, पण बसले. समोर भिकुबाई बसली, शेजारी शेवंता. म्हातारा खूण करी, बाई नाव सांगे, मुलगी लॅटिन नाव जोडी. माका, हरळी, लव्हाळा, गोखरू, कुर्डू, एकदांडी. बाकीच्या सहा मुली ओळींतून पळत सुटल्या आणि जे निराळं दिसेल ते आणू लागल्या. पाटाच्या कडेनं ओलीतलं वेगळं निघालं, कुंपणाशी वेली निघाल्या. साकळीची माणसं काही वेळ पाहत राहिली, मग तीही वाकली. ज्या तणाला त्यांनी जन्मभर शिव्या दिल्या, ते आज जपून मुळासकट उचललं जात होतं.

दुधीपाशी, म्हणजे तोडलं की पांढरा चीक गळतो त्या तणापाशी, तंटा झाला. भिकुबाईनं दोन रोपं पुढं केली, फाइलसाहेबांनी एकच टिक केली.

"हे दोन आहेत," भिकुबाई म्हणाली.

"दोन्ही दुधीच ना?"

"एक मोठी दुधी, एक लहान. लहानी जमिनीले चिकटून चालते. तुमाले एकच दिसते तं तुमच्या डोयाचा दोष आहे."

खांबेट्यांनी भिंग लावून दोन्ही पाहिली, बराच वेळ पाहिली. "बाई म्हणतात ते बरोबर आहे. दोन लिहा."

पन्नास झाले, पंचावन्न झाले. मगनभाऊ बोटांवर मोजत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. काट्याच्या माठाला साठ झाले. भंगाळे सर पाटाच्या बांधावर बसले. पण भिकुबाई थांबेना. तिला कुणी थांब म्हणून सांगितलंच नव्हतं. ती त्रेसष्टवर थांबली, तीही तंबाखू खायला.

फाइलसाहेब मात्र पक्के होते. त्यांनी पान उलटलं. "नियम सोळा. प्रत्येक वनस्पतीस शास्त्रीय नावाचा फलक पाहिजे. इथं फलक आहेत, पण ते वनस्पतींचे नाहीत."

हे खरं होतं. सगळ्यांनी पाट्यांकडं पाहिलं, आणि मग सगळ्यांनी पुखराजशेठकडं पाहिलं.  शेठ चालत बेलापाशी गेले, आपल्या आईची पाटी त्यांनी दोन्ही हातांनी उपटली, उलटी केली आणि मागचा कोरा पिवळा पत्रा शेवंतापुढं धरला.

"लिही बेटा," ते म्हणाले. "माझ्या आईला अक्षर येत नव्हतं. अंगठा लावायची. तिच्या पाठीवर मुलींनी शास्त्र लिहिलं तर ती रागावणार नाही."

 मग दीपचंदांच्या मुलानं पाटी उपटली, सूरजबाईंच्या नातवानं उपटली. मगनभाऊंनी स्वतःची उपटली आणि शेतकऱ्यांना म्हणाले, "पाहता काय? काढा." वर्गातून खडू आले. सात मुली मातीत बसून लिहीत होत्या आणि भंगाळे सर ओळीनं फिरत स्पेलिंग तपासत होते. त्यांचा आवाज आता नेहमीचा झाला होता, किंबहुना नेहमीपेक्षा थोडा मोठाच. केन्याला पाटी लागली, घोळीला लागली, हरळीला लागली. तासाभरात ते रान खरोखरच उद्यान दिसू लागलं, निदान ज्याला वाचता येतं त्याला तरी.

जाताना खांबेटे भंगाळ्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "खोटं लिहिलंत ते मी अहवालात लिहिणार आहे. खरं बोललात तेही लिहिणार आहे. विद्यापीठानं काय करायचं ते ठरवावं." मग त्यांनी भिकुबाईला नमस्कार केला. फाइलसाहेबांनी भरीत खाल्लं, तीन वेळा वाढून घेतलं. एका माणसापुरतं का होईना, पण आपलं शास्त्र लागू पडलं म्हणून आबा सुखावले.

त्यानंतरचे तीन महिने भंगाळे सर पोस्टमनच्या आधी पोस्टात जात. एप्रिल संपला. साकळीला मगनभाऊंकडं पाहुणे एकदा येऊन गेले, दुसऱ्यांदा येऊन गेले. नऊ मे रोजी लखोटा आला. पोस्टातच उभ्याउभ्या सरांनी तो फोडला. वर भंगाळे यांना लेखी ताकीद होती, चांगली दहा ओळींची. ती त्यांनी वाचलीही नाही. खाली एक ओळ होती. ती त्यांनी तीनदा वाचली, सायकल काढली आणि भर दुपारच्या उन्हात साकळीचा रस्ता धरला.

मगनभाऊंच्या ओसरीवर बस्त्याची यादी चालली होती. सर घामानं निथळत होते. त्यांनी कागद पुढं केला. मगनभाऊंनी तो उलटसुलट पाहिला, इंग्रजी होता, म्हणून आत हाक मारून शेवंताला बोलावलं.

ती उंबऱ्यात उभी राहून वाचू लागली. ताकीद तिनं मनात वाचली आणि सरांकडं एकदा पाहिलं. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली. पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली.

"काय लिहेल आहे, बोल ना," मगनभाऊ म्हणाले.

"वर्ग निघाला, बाबा. जूनपासून. तीन वर्षांची मान्यता."

मगनभाऊंनी यादीचा कागद घडी घालून खिशात ठेवला. पायात वहाणा सरकवल्या, खुंटीवरची टोपी घेतली आणि सरांनी उभी केलेली सायकलच ओढून घेतली. सरांना पाणीसुद्धा विचारायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

"कुठे निघाले एवढ्या उन्हात?" आतून शेवंताच्या आईनं विचारलं.

"पाहुन्यायकडे. एक वरीस थांबा म्हनतो." मगनभाऊंनी पायडलवर पाय ठेवला. "थांबले तं ठीक, नाही थांबले तं दुसरे पाहू. पाहुने काय, ढीग भेटतीन. वर्ग पुन्हा कोठून आनू?"